सुलक्षणाबाईंची डबल बेल

सुलक्षणा फेगडे यांनी सुरत पाहिलंय, नाशिक पाहिलंय, इंदूर, पुणे, शिर्डी, सगळं पाहिलंय. म्हणजे तिथले बसस्टँड पाहिलेत. स्टँडवरची चौकशीची खिडकी, कॅन्टीनचा चहा, नळाला पाणी कोणत्या वेळी असतं, हे त्या झोपेतून उठवलं तरी सांगतील. स्टँडच्या भिंतीपलीकडे गाव कसं आहे ते मात्र विचारू नका. गाडी लागायची, वीस मिनिटं थांबायची आणि परत फिरायची. कंडक्टरला गाव बघायला कोण सोडतं?

तेवीस वर्षं त्या यावलहून सुटणाऱ्या एसटीत कंडक्टर होत्या. पस्तिशीत भरती झाल्या तेव्हा आळीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं, आणि पुढे त्याच बायका जागा धरून ठेवायला त्यांनाच सांगू लागल्या. बाई अंगानं किरकोळ, आवाज मात्र असा की जळगावच्या स्टँडवर 'धुळे, धुळे' म्हणून ओरडल्या तर अजिंठ्याला जाणारा माणूसही क्षणभर वळून बघायचा. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात सुट्टे पैसे, त्यामुळे दांडी धरायला हात शिल्लक राहायचाच नाही. चालत्या गाडीत त्या नुसत्या पायांवर उभ्या राहायच्या. त्या पायांना हळूहळू सगळं कळू लागलं. कोणता टायर चपटा झालाय, चाकावरचा कोणता पाटा, म्हणजे स्प्रिंग, बसलाय, ड्रायव्हरचं आज घरी भांडण झालंय का, हे सगळं त्यांना तळव्यातून समजायचं.

त्यांचे यजमान नवल सर शाळेत भूगोल शिकवायचे. बायको घरी आली की ते विचारायचे, "आज कुठवर?" त्या गावाचं नाव सांगायच्या आणि सर ते एका वहीत लिहून ठेवायचे. वहीवर मथळा होता, 'स्टँड पाहिलेली, गाव राहिलेली'. यादीत सर्वांत वर पारोळा होतं, कारण ते रोजच्या धुळ्याच्या रस्त्यावरचं. पारोळ्याला गाडी दहा मिनिटं थांबायची आणि स्टँडपासून किल्ला चालत दहा मिनिटांवर. तेवीस वर्षांत बाईंनी तो किल्ला पाहिला नव्हता, हे ऐकून सरांना दर वेळी हसू यायचं आणि बाईंना दर वेळी राग यायचा.

दोघांचं ठरलेलं होतं, रिटायर झालं की वही घ्यायची आणि एकेक गाव खोडत जायचं. पण बाई रिटायर व्हायच्या दोन वर्षं आधी सर गच्चीच्या जिन्यावरून पाय घसरून पडले आणि मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी साफ सांगितलं, अर्ध्या तासापेक्षा जास्त बसून प्रवास नाही. गाडीत आडवं पडून जाता येईल, पण आदळआपट झाली तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल, आणि त्या वेळची खात्री मी देणार नाही. त्या दिवसापासून सरांनी वही कपाटात टाकली. बाई रिटायर झाल्या तेव्हा हार घालून घरी आल्या, तर सर खिडकीत बसून समोरून केळीच्या गाड्या जाताना बघत होते. बाईंना तो देखावा सहन झाला नाही. फिरायला नेईन तर ह्यांनाही नेईन, नाहीतर मीही जाणार नाही, असं त्यांनी त्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं.

म्हणून घरगाडी. मोबाइलवर जाहिरात दिसली, धुळ्यात एक जुनी डिझेल घरगाडी विकणे आहे. मिडी बसच्या सांगाड्यावर बांधलेली, तेरा वर्षांची. मागे पलंग, डाव्या अंगाला ओटा, गॅस आणि बेसिन, कोपऱ्यात संडास. मालक देवपुरातले भूपेंद्र. त्यांनी ती पर्यटकांना भाड्यानं द्यायला घेतली होती, पण पर्यटक काही आले नाहीत आणि गाडी दोन वर्षं दारात उभी होती. बाहेरून दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर आणि उडणारे बगळे रंगवलेले. बाईंनी निवृत्तीचा पैसा एकदाच खर्च होणार हे जाणून बगळ्यांकडे फारसं पाहिलं नाही.

गाडी बघायला त्यांनी तोतारामभाऊंना सोबत घेतलं. अमळनेरकडचे हे रिटायर ड्रायव्हर. अकरा वर्षं बाईंची आणि त्यांची जोडी होती, एकाच गाडीवर, एकाच ड्युटीला. दोघांचं बोलणं फार कमी व्हायचं, जे काय बोलायचं ते घंटीतून. एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला. कधी दोरी तुटली तर बाई बोटातल्या अंगठीनं पत्र्यावर टकटक करायच्या, तरी भाऊंना कळायचं. घरगाडी घेतली तर चालवणार भाऊच, हेही ठरलेलं होतं. त्यांच्या घरच्यांनी तर 'घेऊन जा एकदाचे' असा आशीर्वादही दिला होता.

भाऊंनी आधी बॉनेटवर हात ठेवून पाहिला. विकणारे लोक सकाळी गुपचूप इंजिन तापवून ठेवतात, म्हणजे गिऱ्हाईक आल्यावर ते चटकन चालू होतं. बॉनेट गार होतं. भाऊंनी चावी फिरवली, आणि गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. धूर नाही, खडखड नाही. भाऊंचा चेहरा असा खुलला की बाईंना वाटलं, आता ते इंजिनाची दृष्टच काढतात.

"अक्का, इंजिन सोनं शे सोनं. डोळा झाकीसन लई ल्या!"

"डोळे झाकून घेणार नाही, डोळे झाकून उभी राहणार आहे मी," बाई म्हणाल्या आणि मागे पलंगापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

धुळ्याहून पारोळ्याच्या रस्त्याला गाडी लागली. भूपेंद्र पुढे भाऊंच्या शेजारी बसले होते आणि त्यांचं तोंड इंजिनापेक्षा जास्त वेगानं चालत होतं. पडदे बघा, सीट कव्हर बघा, मॅडम, टीव्हीचं पॉइंट पण आहे. भाऊंनी ब्रेक मारून पाहिला, स्टिअरिंग सोडून पाहिलं, गाडी सरळ धावली. वाटेतल्या फागणे गावापर्यंत कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. भाऊंनी केबिनच्या खिडकीतून मागे अंगठा दाखवला. बाईंनी मात्र मान हलवली नाही. पाय काही वाईट सांगत नव्हते, पण चांगलंही सांगत नव्हते. गाडी हलकी हलकी चालली होती, सकाळी डेपोतून पहिल्या फेरीला निघालेल्या रिकाम्या एसटीसारखी. आणि रिकामी एसटी कधीच कुणाला त्रास देत नाही. खरी गाडी कळते ती लग्नसराईत, साठ माणसं आणि वर टपावर पेट्या असताना.

फागण्याच्या पुढे एका हॉटेलपाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि भूपेंद्रला विचारलं, "पाण्याची टाकी कुठाय?"

"पलंगाखाली, डाव्या साइडला. दोनशे लिटरची आहे मॅडम, तीन दिवस बघायला नको."

"भरलीय का?"

"आता कशाला? घरी गेल्यावर भरा की."

एवढं म्हणताना भूपेंद्रच्या चेहऱ्यावर जे आलं ते बाईंनी हजार वेळा पाहिलं होतं. विनातिकीट माणूस कंडक्टर जवळ आली की खिडकीबाहेर इतक्या आवडीनं बघू लागतो, तोच हा चेहरा. बाईंनी हॉटेलवाल्याची परवानगी घेतली, नळी लावली आणि टाकी काठोकाठ भरून घेतली. भूपेंद्र कुरकुरत खाली उतरले आणि तीन चहा सांगायला गेले. तोतारामभाऊ पुढे स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून बसले होते, इंजिन चालूच होतं.

बाई पलंगाजवळचा पत्रा बघत होत्या. आतून गंजलाय की काय म्हणून त्यांनी अंगठीनं वाजवून पाहिलं. टक टक.

आणि गाडी निघाली.

अकरा वर्षांची सवय ती. मागून दोन ठोके आले, भाऊंनी आरशात बघितलं, गियर टाकला आणि सुटले. भूपेंद्र दोन्ही हातांत चहाचे ग्लास घेऊन रस्त्यावर धावत आले, काहीतरी ओरडले, पण चालत्या गाडीमागे ओरडणारा माणूस ही तर भाऊंच्या रोजच्या पाहण्यातली गोष्ट. त्यांनी लक्ष दिलं नाही.

"अहो भाऊ, थांबा, मालक राहिला!" असं ओरडायला बाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात पुढे कापसानं भरलेला ट्रॅक्टर आला, भाऊंनी त्याला टाळून गाडी उजवीकडे घेतली आणि परत आपल्या पट्ट्यात आणली. बाईंचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं, कारण पायाखाली काहीतरी घडलं होतं.

गाडी डावीकडे झुकली. ठीक आहे, वळण घेतल्यावर एकदा झुकणं हा गाडीचा हक्कच आहे. मग ती उजवीकडे झुकली. मग पुन्हा डावीकडे, आणि मग आणखी एकदा, आणि पलंगाखाली पाणी टाकीच्या भिंतीला ढब्ब करून आपटलं. ज्या बाईंना तेवीस वर्षं उभं राहूनही कधी आधार लागला नव्हता, त्यांचा हात आज आपोआप खिडकीच्या दांडीकडे गेला. टाकी डावीकडे, ओटा डावीकडे, सिलिंडर डावीकडे, आणि सगळं मागच्या चाकांच्याही मागे. डावा पाटा बसून गेलेला. रिकाम्या गाडीत हे लपून जात होतं. पाणी भरलं की गाडी तिरकी व्हायची आणि शेपटी हलवायची, आणि त्या शेपटीवरच पलंग होता.

खिशातला फोन वाजला. 'धुळे घरगाडी'. बाईंनी तो वाजू दिला. तेवीस वर्षांत त्यांनी एकाही प्रवाशाला मागे सोडलं नव्हतं, आज थेट गाडीमालकालाच सोडलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचं जराही वाईट वाटलं नाही. त्या पलंगाच्या कडेला दोन्ही पाय रोवून उभ्या राहिल्या आणि गतिरोधक, खड्डा, मागून येणाऱ्या ट्रेलरचा वारा, सगळं पायांनी मोजत राहिल्या. पुढच्या मुकटी गावाला एक बेल दिली, म्हणजे एकदाच टक केलं. गाडी थांबली.

"मालक कुठे शे?" भाऊंनी शेजारची रिकामी सीट बघून विचारलं.

"फागण्याला. चहा पितोय."

"आरे देवा! तुम्हीच ते डबल दिधी ना, अक्का!"

बाईंनी त्यांना मागे बोलावलं आणि काय झालं ते सांगितलं. भाऊंचा चेहरा पडला. इंजिनाला त्यांनी सोनं म्हटलं होतं, आणि शब्द मागे घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "माले ते पुढे काहीच समजनं नही," ते हळूच म्हणाले.

"कसं समजेल? गाडीचं पुढचं तुम्हाला माहीत, मागचं मला."

भाऊंनी पलंगाच्या कडेवर हात टेकला. "अकरा साल मी तुमले मांगे आसाच आदळत लई गऊ का? कधी सांगं नही तुम्ही."

"सांगायचं म्हणजे एक बेल द्यायची आणि गाडी थांबवायची. तेवढा टाइम कुठे होता भाऊ?" बाई हसत म्हणाल्या, पण भाऊंना ते लागलं. परत फिरताना त्यांनी गाडी अशी चालवली की जणू मागे अंड्यांची करंडी ठेवलीय.

फागण्याला भूपेंद्र स्टुलावर बसले होते, समोर तीन ग्लास, तिन्ही रिकामे. रागानं त्यांनी सगळ्यांचा चहा पिऊन टाकला होता. "माझीच गाडी घेऊन पळता? हे काय बोलणं झालं का?"

बाईंनी आधी माफी मागितली, अगदी मनापासून. मग विचारलं, "भूपेंद्रभाऊ, गाडी चालू असताना तुम्ही या पलंगावर कधी झोपलात?"

"मी चालवतो मॅडम. झोपू कसा?"

"मग आज झोपा. धुळ्यापर्यंत."

"आणि तुम्ही कंडक्टर होतात ना? गाडी तर कधी चालवली नाही. मग तुम्हाला काय..."

"म्हणूनच म्हणते, झोपा."

माणूस हट्टाला पेटला की त्याला झोपवणं सोपं जातं. भूपेंद्र बूट काढून आडवे झाले, हात डोक्याखाली, चेहऱ्यावर हसू. बाईंनी भाऊंना सांगितलं, आता करंडी विसरा, ड्युटीवर चालवायचात तशी चालवा. टक टक. फागण्याच्या गतिरोधकावर भूपेंद्र पलंगापासून चांगले वीतभर वर गेले आणि आडवे खाली आले. पुढच्या वळणावर ते डावीकडे घसरले, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि शेवटी त्यांनी खिडकीची दांडी दोन्ही हातांनी धरली. टीव्हीचा पॉइंट त्यांच्या डोक्याला लागला. धुळ्यात उतरले तेव्हा केस उभे होते आणि गाडीमालकाचा तोरा कुठल्या कुठे गेला होता.

"पाणी काढून टाकलं तर?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"पाण्याशिवाय घर असतं का हो?"

"बरं, मग किंमत कमी करतो. तुम्ही म्हणाल तेवढी."

इथे दुसरं कुणी असतं तर फसलं असतं. बाई म्हणाल्या, "मला स्वस्त गाडी नको. माझ्या माणसाला झोपून नेणारी गाडी हवी. टाकी मधोमध घ्या, मागच्या चाकांच्या पुढे. सिलिंडर उजवीकडे. डावीकडचे पाटे बदला, मागचे दोन्ही शॉकअप नवीन टाका. तुमचा खर्च, तुमची गाडी. झालं की फोन करा. मग मी सरांना घेऊन येईन. त्यांना चाललं तर ठरल्या किमतीला घेईन, एक रुपया कमी करणार नाही. नाही चाललं तर राम राम."

भूपेंद्रनी तीन आठवडे लावले, पण काम केलं. दोन वर्षं दारात उभ्या राहिलेल्या गाडीसाठी असं रोखठोक बोलणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं, आणि पलंगावरची ती सहल ते विसरू शकत नव्हते.

सरांना भाचा हितेंद्र याच्या गाडीतून मागची सीट आडवी करून, चार ठिकाणी थांबत थांबत धुळ्याला आणलं. ते कमरेला पट्टा बांधून आले होते, आणि तीन वर्षांनी पहिल्यांदाच बगलेत वही होती. पलंगावर पडताना त्यांनी बायकोकडे पाहिलं. "नाही जमलं तर तू वाईट वाटून घेऊ नकोस हं," ते म्हणाले. बाईंना त्या क्षणी भीती वाटली. चाळीस गाड्यांचे ब्रेक त्यांच्या पायांनी तपासले असतील, पण त्या गाड्यांत मागे हे मणके कधी नव्हते. टाकी काठोकाठ भरलेली होती. भूपेंद्र बाकावर देवळात बसावं तसे गप्प बसले होते.

बाई मधल्या जागेत दांडी न धरता उभ्या राहिल्या आणि अंगठीनं पत्र्यावर वाजवलं. टक टक.

फागणं आलं. गतिरोधकावर गाडी उठली आणि अलगद खाली बसली. पुढे योगायोगानं पुन्हा एक ट्रॅक्टर, या वेळी उसाचा. भाऊंनी त्याला ओलांडलं. गाडी एकदा झुकली, सरळ झाली, आणि सरळच राहिली. बाईंनी पायांना पुन्हा विचारलं. पायांनी सांगितलं, ठीक आहे. मुकटी गेली. एका ट्रेलरनं शेजारून धूळ उडवली, तरी शेपटी हलली नाही.

"दुखतंय का?" बाईंनी मागे न वळता विचारलं. उत्तर आलं नाही. "अहो, दुखतंय का?" तरी उत्तर नाही. त्या वळल्या.

नवल सर तोंड उघडं टाकून झोपले होते. छातीवर वही, वहीवर दोन्ही हात, आणि इंजिनाच्या आवाजातही ऐकू येईल असं घोरणं. ऑपरेशननंतर दिवसा त्यांना कधी झोप लागली नव्हती, आणि आज ताशी साठच्या वेगात लागली होती. बाई तिथेच, चालत्या गाडीत, काहीही न धरता उभ्या राहून रडल्या. आनंदानं रडल्या, जिंकल्याच्या आनंदानं, आणि डोळे पुसायची तसदीही घेतली नाही.

"मॅडम, घेताय ना?" भूपेंद्रनी कुजबुजत विचारलं.

"घेतली," बाई म्हणाल्या.

पारोळा आलं तसं भाऊंचे हात सवयीनं स्टँडकडे वळले. फाटकातून आत शिरणार तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की ही काही एसटी नव्हे. बाईंनी एक बेल दिली. गाडी फाटकाबाहेर चिंचेच्या सावलीला उभी राहिली. सर जागे झाले, खिडकीतून बाहेर बघितलं आणि शिक्षकाच्या आवाजात म्हणाले, "पारोळा!" मग वही उघडून खिशातलं पेन काढलं. बाईंनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. "आधी बघून येऊ, मग खोडा."

त्यांनी सरांना हात देऊन खाली उतरवलं, काठी दिली, पट्टा नीट केला. पलीकडे स्टँडवर यावलची गाडी लागली होती आणि एक नवीन कंडक्टर पोरगी घड्याळाकडे बघत प्रवाशांना आत कोंबत होती. बाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि किल्ल्याच्या रस्त्याला लागल्या. मागून केबिनमधून तोतारामभाऊंनी डोकं बाहेर काढून विचारलं, अकरा वर्षं रोज विचारायचे तसंच.

"अक्का, आठे कितला मिन्टं थांबानं शे?"

सुलक्षणाबाई वळल्या. "आज टायमिंग नाही भाऊ," त्या म्हणाल्या. "इंजिन बंद करा."